मेंदूला परका न वाटणारा इलेक्ट्रोड

लेखमाला : शरीरातली यंत्रं – लेखांक ६

गेल्या लेखांकात आपण पार्किन्सनच्या रुग्णांच्या मेंदूत बसवल्या जाणाऱ्या प्लॅटिनम-इरिडियमच्या इलेक्ट्रोडची माहिती घेतली. हातांची थरथर आटोक्यात आणायला ते उत्तम काम देतात. मग जगभरच्या प्रयोगशाळा धातूला पर्याय शोधण्यामागे का लागल्या आहेत?

कारण धातूचं आणि मेंदूचं दोन बाबतींत जमत नाही. पहिली बाब कठीणपणाची. मेंदू खरवसासारखा मऊ. त्याचा ताठपणा किलोपास्कलमध्ये मोजतात. प्लॅटिनम आणि सिलिकॉनचा ताठपणा शंभराहून जास्त गिगापास्कल, म्हणजे फरक कोटींच्या पटीतला. त्यात मेंदू कवटीत स्वस्थ बसत नाही, श्वासाबरोबर आणि हृदयाच्या ठोक्याबरोबर किंचित हलत राहतो. रुतलेली सुई त्याला घासत राहते. मग ग्लिया नावाच्या मेंदूतल्या आधारपेशी तिच्याभोवती गोळा होतात आणि व्रणाचं वेष्टण तयार होतं. नुसते विजेचे झटके द्यायचे असतील, तर वेष्टणामुळे फारसं अडत नाही. एकेका चेतापेशीचा क्षीण संदेश टिपायचा असेल, तर मात्र तो दिवसेंदिवस अस्पष्ट होत जातो.

दुसरी बाब मला जास्त महत्त्वाची वाटते. तारेत वीज वाहते ती इलेक्ट्रॉनांमुळे. चेतापेशीत हेच काम सोडियम-पोटॅशियमचे आयन करतात. धातू आयनांना आत घेत नाही, त्यामुळे सगळी देवाणघेवाण पृष्ठभागावरच उरकावी लागते. इलेक्ट्रोड बारीक केला की पृष्ठभाग घटतो, अडथळा वाढतो आणि संदेश गोंगाटात हरवतो.

यावरचा तोडगा प्लॅस्टिकच्या जातकुळीतून आला. हिदेकी शिराकावा, अ‍ॅलन मॅकडिआर्मिड आणि अ‍ॅलन हीगर यांनी 1977 मध्ये पॉलिअ‍ॅसिटिलीनच्या चंदेरी पापुद्र्याला आयोडीनची वाफ दिली आणि त्याची वाहकता सुमारे एक कोटी पटींनी वाढली. त्यासाठी 2000 साली त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. याच कुळातलं पेडॉट-पीएसएस हे पॉलिमर सुरुवातीला फोटो फिल्मवर स्थिर वीज साचू नये म्हणून लावत. ते पाण्यात फुगतं, आयन त्याच्या पृष्ठभागावर न थांबता पूर्ण जाडीत शिरतात आणि त्यानुसार साखळीतल्या विजेचा प्रवाह बदलतो. आयन आणि इलेक्ट्रॉन यांची गाठ इथे पदार्थाच्या पोटातच पडते.

त्याचा फायदा 2015 मध्ये दिसला. डियॉन खोदाघोली आणि जेनिफर गेलिनास यांनी सहकाऱ्यांसह सुमारे चार मायक्रॉन जाडीच्या फिल्मवर असे इलेक्ट्रोड बसवले. ही फिल्म मेंदूच्या घड्यांना चिकटून बसते. उंदरांत आणि अपस्माराची शस्त्रक्रिया चालू असलेल्या रुग्णांत तिने मेंदूला न टोचता, वरूनच एकेका चेतापेशीचे संदेश टिपले.

स्वीडनमधल्या लिंशॉपिंग आणि लुंड विद्यापीठांच्या गटाने 2023 मध्ये त्याच्याही पुढची पायरी गाठली. त्यांनी बाहेर इलेक्ट्रोड बनवलाच नाही. पॉलिमरचे सुटे रेणू आणि विकरं यांची जेल सुईने झेब्राफिशच्या मेंदूत, हृदयात आणि शेपटीच्या परात सोडली. जेलमधलं एक विकर माशाच्या शरीरातल्याच ग्लुकोज किंवा लॅक्टेटपासून हायड्रोजन पेरॉक्साइड बनवतं. त्याच्या जोरावर दुसरं विकर सुटे रेणू साखळीत ओवतं. जिथे साखळी जुळली, तिथे जेल गडद होते आणि वीज वाहू लागते. बाहेरून प्रकाश नको, विजेचा धक्का नको, जनुकांत फेरफारही नको. जळवांच्या चेतासंस्थेभोवतीही हेच साधलं.

इथून माणसाच्या उपचारापर्यंतचा रस्ता लांब आहे. ओलसर, रासायनिक घडामोडींनी भरलेल्या शरीरात पॉलिमर वर्षानुवर्षं टिकलं पाहिजे, आणि त्याच्या अवशेषांचा अपाय होता कामा नये. त्याहून अवघड प्रश्न वेगळाच आहे. धातूची तार बिघडली तर शल्यविशारद ती ओढून काढू शकतो. पेशींच्या फटीफटींत घडलेला इलेक्ट्रोड बाहेर काढायचा कसा? शरीराशी जितकी एकरूपता, तितकी माघार अवघड. रुग्णाची संमती घेताना ही गोष्ट त्याला आधीच स्पष्ट सांगावी लागेल.

पुढील लेखांकात : लिंशॉपिंगमध्येच 2022 साली बनलेली कृत्रिम चेतापेशी आणि तिच्या इशाऱ्यावर मिटलेलं व्हीनस फ्लायट्रॅपचं पान.