चाळिशीनंतरचा आत्मसंशय

परीक्षेच्या आदल्या रात्री विद्यार्थ्यांस आपल्या शक्तीविषयी संशय वाटतो, पण तो निकालाबरोबर निघून जातो. चाळिशी उलटलेल्या आम्हां वडील मंडळींचा संशय तसा जात नाही. ‘हे आता आपल्याच्याने व्हावयाचे नाही,’ असे मन वारंवार म्हणू लागते.

अशा वेळी श्रद्धा काय करिते? ‘तू समर्थ आहेस,’ असे ती सांगत नाही. (तसे सांगणारे स्नेही पुष्कळ असतात, त्याने दोन दिवस बरे वाटते.) निर्गमाच्या पुस्तकात मोशे आपल्या जड जिभेची सबब पुढे करितो. तू उत्तम वक्ता आहेस, असे देव त्यास म्हणत नाही. आपण बरोबर असू असे आश्वासन देतो व सोबतीस अहरोन देतो. ‘मी केवढा?’ हा प्रश्न मागे पडून ‘काम कोणाचे?’ हा पुढे येतो.

लक्ष्मीबाई टिळकांचेच पाहा. १९१९ साली रेव्हरंड टिळक वारले, तेव्हा त्यांच्या ‘ख्रिस्तायन’ ह्या महाकाव्याचे दहा-अकराच अध्याय झाले होते. लक्ष्मीबाईंची पन्नाशी उलटलेली. शालेय शिक्षण नाही. लिहिणे-वाचणे विवाहानंतर पतीपाशी शिकलेले. त्यांस संशयाने गाठलेच नसेल असे आम्हांस वाटत नाही. तथापि त्यांनी पुढील ६४ अध्याय रचिले. १९३६ साली त्या निवर्तल्या, आणि अखेरचा अध्याय चिरंजीव देवदत्त ह्यांनी लिहिला.