राष्ट्रगीत आणि तीन भावंडे

केरळातील एका शाळेतून २६ जुलै १९८५ रोजी तीन भावंडांना काढून टाकण्यात आले. थोरले दहावीत, धाकटे पाचवीत. अपराध एवढाच की, राष्ट्रगीत सुरू झाले म्हणजे ती आदराने उभी राहत, परंतु गात नसत. 'यहोवाचे साक्षीदार' या ख्रिस्ती पंथातील या मुलांच्या श्रद्धेला ते गायन मान्य नव्हते. त्यापूर्वी विधानसभेत प्रश्न निघाला होता. चौकशी होऊन मुलांनी अनादर केलेला नाही, असा अहवालही आला होता. तरीही त्यांची नावे पटावरून गेली. उच्च न्यायालयात दाद लागली नाही.

अखेर ११ ऑगस्ट १९८६ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. ओ. चिन्नप्पा रेड्डी व न्या. एम. एम. दत्त यांनी मुलांना परत घेण्याचा आदेश दिला. राष्ट्रगीत गायलाच हवे, असे सांगणारा कायदा नाही. १९७१ चा कायदा गायनात अडथळा आणणाऱ्याला शिक्षा करतो, आदराने स्तब्ध उभे राहणाऱ्याला नव्हे.

यावरून शाळांनी देशभक्ती शिकवूच नये, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो अतिरेक होईल. देशाचा इतिहास, त्याच्या भाषा, त्याची राज्यघटना ज्याला ठाऊक नाही, त्याने प्रेम करावे तरी कशावर? अडचण येते ती मोजमाप करू गेल्यावर. ओठांची हालचाल तेवढी मोजता येते; आणि गुण द्यायचेच ठरले, तर पहिला क्रमांक बहुधा मोठ्याने ओरडणाऱ्याला मिळेल! सारे भारतीय बांधव आहेत, अशी प्रतिज्ञा मुले रोज म्हणतात. ती संपल्यावर वर्गात कोण कोणाशेजारी बसतो, कोणाच्या डब्याला कोण शिवत नाही, हे शिक्षकाने पाहिले नाही, तर तो पाठ तिथेच संपला.

महाराष्ट्रातील शिक्षकांना यासाठी दूर जावे लागत नाही. साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरच्या शाळेत शिकवीत असत. छात्रालयातील मुलांसाठी ते स्वतः हस्तलिखित दैनिक काढीत, मुलांची बारीकसारीक कामेही करीत. १९३० मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात गेले. पुढे मे १९४७ मध्ये, स्वातंत्र्य तीन महिन्यांवर आले असताना, पंढरपूरचे मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावे म्हणून त्यांनी उपोषण केले.

केरळातील ती मुले वर्षभर शाळेबाहेर राहिली. पाचवीतल्या भावंडाला त्या वर्षात आपल्या देशाविषयी कोणता धडा मिळाला, हा प्रश्न न्यायालयापुढे नव्हता. शाळेपुढे मात्र तो होता.