चार्जिंगची हत्यारे : घेताना, वापरताना, जपताना



गेल्या काही वर्षांत आपल्या वाड्या-वस्त्यांवर चार्जिंगची हत्यारे बरीच आली आहेत. फवारणीचा बॅटरी पंप तर बहुतेक घरांत आहेच. त्याच्या जोडीला ड्रिल, ग्राइंडर, ट्रॉलीच्या चाकाचे नट खोलायचे इम्पॅक्ट मशीन, फांद्या छाटायची लहान चेन करवत, अशी हत्यारेही आता शेडमध्ये दिसू लागली आहेत. वायर ओढायला नको, लाइटची वाट पाहायला नको, ही त्यांची मोठी सोय. मात्र त्यांच्याविषयी जी तक्रार आमच्या कानावर वारंवार येते, ती जवळजवळ एकाच शब्दांत असते : "मशीन चांगलं आहे हो, पण बॅटरी बसली."

या तक्रारीतच सगळे मर्म आहे. या हत्यारांत मोटर सहसा जात नाही, बॅटरी जाते. आणि नव्या बॅटऱ्यांची किंमत मांडली, तर पुष्कळदा ती नुसत्या मशीनच्या बरोबरीला येते. म्हणून हत्यार घ्यायचे ते बॅटरी पाहून, आणि जपायचे तेही बॅटरीला. हे कसे करावे ते सोप्या भाषेत सांगण्याचा आमचा हा प्रयत्न आहे.

कोणत्या कामाला उपयोगी

गळीत हंगामात भरलेली ट्रॉली फडाच्या कडेला बसली, की काय होते ते सभासदांना सांगायला नको. तुटलेला ऊस जितका वेळ पडून राहील तितके त्याचे वजन व साखर दोन्ही घटतात. म्हणून तोडीनंतर २४ तासांच्या आत ऊस गाळला जावा, असा आग्रह असतो. अशा वेळी फडात वीज नसते. चाकाचे गंजलेले नट हातपान्याने खोलायला दोन माणसे व तासभर वेळ लागतो, तिथे चार्जिंगचे इम्पॅक्ट मशीन काही मिनिटांत काम उरकते. पत्र्याला भोक पाडणे, पाइपचे क्लॅम्प बसवणे, गोठ्याचे स्क्रू आवळणे, या कामांनाही चार्जिंगचा ड्रिल उत्तम. ही सर्व कामे थांबून थांबून होणारी आहेत. बॅटरीला तेच मानवते.

उलट, अँगल कापत बसणे, वेल्डिंगचे सांधे घासणे, कोयते-फाळ यांना सलग धार लावणे, ही कामे विजेवरच्या मशीनचीच. त्याचा हिशेब असा. १८ व्होल्ट, २ एएचच्या बॅटरीत १८ गुणिले २, म्हणजे ३६ वॅट-तास एवढी शक्ती मावते. ग्राइंडर दाबून चालवला आणि त्याने ४५० वॅट ओढले, तर ती बॅटरी पाच मिनिटांच्या आत रिकामी होते. त्यात तिचे काही चुकले असे नाही. तिच्यात तेवढेच होते. फडातली एखादी अडलेली पिन कापायला चार्जिंगचा ग्राइंडर ठेवावा. शेडमधल्या सलग कामाला वायरचा ग्राइंडर स्वस्तही पडतो आणि टिकतोही.

व्होल्ट आणि एएच म्हणजे काय

पाण्याच्या टाकीची उपमा घेऊ. व्होल्ट म्हणजे टाकी किती उंचावर आहे ते. त्यावर पाण्याचा जोर ठरतो. एएच म्हणजे टाकीत पाणी किती मावते ते. दोन्हींचा गुणाकार म्हणजे एकूण शक्ती, म्हणजेच वॅट-तास. दोन बॅटऱ्यांची तुलना करायची तर या गुणाकाराची करावी.

आता दुकानातली गंमत पाहा. लिथियमच्या एका सेलचा सरासरी दाब ३.६ व्होल्ट. असे पाच सेल एकापुढे एक जोडले, की १८ व्होल्ट होतात. पूर्ण भरल्यावर तोच सेल ४.२ व्होल्टपर्यंत चढतो, म्हणून तीच बॅटरी २१ व्होल्ट दाखवते. तेव्हा १८, २० आणि २१ व्होल्ट असे लिहिलेली हत्यारे बहुधा एकाच जातीची असतात. पुढे काही खोक्यांवर '४८', '८८', '१२८' असे आकडे आणि त्यांच्यापुढे काही अक्षरे छापलेली आढळतात. ते व्होल्ट नव्हेत. आत पाचच सेल असतील तर खोक्यावर काहीही छापले तरी दाब १८ व्होल्टच.

एएचचेही तसेच. या बॅटऱ्यांत बहुधा १८ मिलिमीटर जाडीचा व ६५ मिलिमीटर लांबीचा सेल असतो. तो उत्तम प्रतीचा असला तरी त्याची क्षमता साडेतीन एएचच्या आसपासच थांबते. मग अशा पाच सेलांच्या बॅटरीवर १० एएच लिहिले असेल, तर ते खोटे आहे हे सांगायला फिटर लागत नाही. साधी परीक्षा म्हणजे बॅटरी तराजूत घालावी. असा एक सेल सुमारे ४५ ग्रॅमचा असतो. चार-पाच एएचच्या बॅटरीत बहुधा असे दहा सेल असतात, म्हणजे नुसत्या सेलांचेच वजन साडेचारशे ग्रॅम झाले पाहिजे. ऊस वजन करून देणाऱ्या आपल्या माणसाला बॅटरीही वजन करून घ्यायला हरकत नसावी.

तीन जातींच्या बॅटऱ्या, तीन रीती

बॅटरी लवकर मरते त्याचे मोठे कारण म्हणजे एका जातीची रीत दुसरीला लावणे. तिन्ही जाती ओळखून घ्याव्यात.

पहिली जात शिशाची. ट्रॅक्टरची बॅटरी हिचीच, आणि फवारणी पंपांत १२ व्होल्टची जी जड बॅटरी असते तीही बहुतेक हीच. हिला रिकामे राहणे अजिबात सोसत नाही. रिकामी ठेवली की आतल्या पट्ट्यांवर पांढरा क्षार घट्ट बसतो आणि ती पुन्हा भरत नाही. फवारणी संपली की पंप कोपऱ्यात टाकायचा आणि पुढच्या पिकाला काढायचा, या सवयीनेच असे पंप मरतात. हिची रीत एकच : काम झाले की त्याच दिवशी पूर्ण भरा, आणि पंप बसून असला तरी महिन्यातून एकदा चार्जला लावा.

दुसरी जात निकेल-कॅडमियमची. चार्जिंगच्या हत्यारांचा जन्म हिच्यावर झाला. ब्लॅक अँड डेकर या अमेरिकन कंपनीने १९६१ साली बॅटरीवर चालणारा पहिला ड्रिल बाजारात आणला, तो याच बॅटरीचा. (पुढे १९७१ साली अपोलो १५ च्या अंतराळवीरांनी चंद्राच्या जमिनीत भोक पाडले तेही बॅटरीवरच्या ड्रिलने; तिथे वायर कोण ओढणार?) ही बॅटरी अर्धवट उतरवून वारंवार भरली तर तिला तशीच खोड लागते, म्हणून "पूर्ण उतरू द्या, मगच भरा" असा सल्ला त्या काळी देत. तो तिच्यापुरता ठीक होता.

तिसरी जात लिथियमची. १९९१ साली जपानच्या सोनी कंपनीने ती प्रथम बाजारात आणली, २००५ च्या सुमारास ती मोठ्या हत्यारांत आली, आणि २०१९ साली तिच्या शोधाबद्दल तिघा शास्त्रज्ञांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आजच्या ड्रिल-ग्राइंडरमध्ये बहुधा हीच असते. हिला मात्र "पूर्ण उतरू द्या" हा जुना सल्ला मारक आहे. ती अर्ध्यावर केव्हाही भरावी. मशीनचा जोर कमी झाला किंवा ते आपोआप थांबले, की पुन:पुन्हा बटण दाबून उरलासुरला थेंब पिळू नये. आणि महिना-दोन महिने ठेवून द्यायची असेल तर पूर्ण भरून नव्हे, अर्धी भरून ठेवावी.

थोडक्यात, शिशाची बॅटरी भरलेली ठेवावी, लिथियमची अर्धी ठेवावी. एवढे एक वाक्य शेडच्या दारावर खडूने लिहून ठेवले तरी पुष्कळ पैसे वाचतील.

रोजची निगा

लिथियमचा खरा शत्रू उष्णता. मे महिन्यात ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये किंवा पत्र्याच्या शेडमध्ये बॅटरी टाकून ठेवू नये. घरात सावलीला, कोरड्या जागी ठेवावी. दाबून काम केल्यावर बॅटरी हाताला गरम लागते. तशीच चार्जरला लावू नये, अर्धा तास निवू द्यावी. चार्ज करताना ती फरशीवर ठेवावी. कडबा, पोती, रॉकेल-डिझेलचे डबे यांच्याजवळ कदापि नको. रात्रभर लावून झोपू नये.

चार्जर ज्याचा त्यालाच. पिन बसते म्हणून पंपाचा चार्जर ड्रिलला लावणे म्हणजे आगीला आमंत्रण. फुगलेली, पाण्यात पडलेली किंवा आपटून फुटलेली बॅटरी पुन्हा चार्ज करू नये. नाक्यावर बॅटरी फोडून जुने-नवे सेल एकत्र भरून देतात, तेही टाळावे. सगळे सेल सारखे नसले तर कमजोर सेलावर ताण येतो आणि तोच पेट घेतो. निकामी बॅटरी उकिरड्यावर टाकू नये की शेकोटीत घालू नये. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ प्रमाणे जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. दुकानदाराकडे ती परत देण्याचा आग्रह धरावा.

आता पैशाचा हिशेब. समजा बॅटरी २,५०० रुपयांची आहे. नीट जपली आणि ५०० वेळा भरली, तर एका भरणीचा खर्च ५ रुपये पडतो. तीच हेळसांडीने १०० भरण्यांत गेली, तर २५ रुपये. विजेचा खर्च नगण्यच. एका युनिटमध्ये अशी लहान बॅटरी वीसेक वेळा भरते.

जोडसामान

चांगल्या मशीनला वाईट बिट लावला तर दोष मशीनच्या माथी येतो. लोखंडाचा, लाकडाचा व भिंतीचा बिट वेगवेगळा असतो; भिंतीचा बिट लोखंडाला लावला की तो जळतो आणि बॅटरीही उगाच उतरते. लोखंडाला मोठे भोक पाडताना आधी बारीक भोक पाडावे, ड्रिल १ नंबरच्या हळू गियरमध्ये ठेवावा आणि तेलाचे चार थेंब सोडावेत. १० मिलिमीटरच्या बिटाला साध्या लोखंडात मिनिटाला ८०० च्या आत फेरे पुरतात. घाई केली की टोक निळे पडते, म्हणजे बिट गेला.

इम्पॅक्ट मशीनला जाड, काळ्या रंगाचे इम्पॅक्टचेच सॉकेट वापरावेत. हातपान्याचे चकचकीत सॉकेट त्याच्या ठोक्यांनी तडकतात आणि तुकडा अंगावर येतो. मशीनचा जोर न्यूटन-मीटरमध्ये लिहिलेला असतो. त्याचा अंदाज असा : ६० किलोचा माणूस दोन फुटी पान्याच्या टोकावर उभा राहिला तर सुमारे ३५० न्यूटन-मीटर जोर पडतो. गंजलेले नट यापेक्षा जास्तही मागतात. मात्र मशीन नट खोलायला वापरावे. बसवताना शेवटची आवळणी समोरासमोरच्या नटांच्या क्रमाने हातपान्यानेच करावी. मशीनने अती आवळले की स्टड ताणला जातो, सैल राहिले तर भरल्या ट्रॉलीचे चाक रस्त्यावर निघते. पहिली खेप टाकून आल्यावर नट पुन्हा एकदा तपासावेत.

हात, डोळे आणि पाचट

वायरच्या मशीनची पिन उपटली की ते मेले. चार्जिंगचे मशीन मात्र बॅटरी आत असेपर्यंत जिवंतच असते. पोराने सहज उचलले, पोत्यात बटण दाबले गेले, की ते फिरते. म्हणून बिट किंवा ब्लेड बदलताना, आणि ठेवून देताना, आधी बॅटरी बाहेर काढावी. हा नियम कधीही मोडू नये.

ग्राइंडरचे ४ इंची ब्लेड मिनिटाला ११,००० फेऱ्यांनी फिरत असेल, तर त्याच्या कडेचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या वर जातो. त्याच्यावर ८० मीटर प्रतिसेकंद, सुमारे १५,३०० फेरे, अशी मर्यादा छापलेली असते. ७ इंची ब्लेडची मर्यादा मात्र सुमारे ८,५०० फेरेच. गार्ड काढून मोठे ब्लेड लहान मशीनला बसवणारे लोक आम्ही पाहिले आहेत. ते फुटले की तुकडे गोळीसारखे येतात. ब्लेडच्या मधल्या धातूच्या कड्यावर मुदतीचा महिना व साल असते, तेही पाहावे. लाकूड कापायचे दातेरी पाते ग्राइंडरला लावूच नये. चष्म्याशिवाय काम नको. आणि फिरत्या ड्रिलजवळ गळ्यातला टॉवेल, सैल बाह्या व हातमोजेही नकोत, कारण ते गुंडाळले जाऊन हात आत ओढला जातो.

शेवटची गोष्ट आपल्या धंद्याची. ग्राइंडरच्या ठिणग्या कित्येक फूट उडतात, आणि हंगामात फडाच्या कडेला वाळलेले पाचट पसरलेले असते. ट्रॉलीची पिन कापायची असेल तर ट्रॉली मोकळ्या जागी ओढावी, खालचे पाचट सारावे, जवळ पाण्याचा डबा ठेवावा आणि काम झाल्यावर थोडा वेळ थांबून पाहावे. एका ठिणगीने वर्षभराचे पीक जळते, आणि जळीत उसात नुकसान कोणाचे होते ते सर्वजण जाणतात.

खरेदी एकट्याने की मिळून?

एका कंपनीची बॅटरी दुसऱ्या कंपनीच्या मशीनला बसत नाही. कधी एकाच कंपनीच्या दोन मालिकांतही बसत नाही. म्हणून पहिले हत्यार घेतानाच पुढची दोन हत्यारे डोळ्यांसमोर ठेवावीत, तालुक्याला त्या कंपनीची बॅटरी व दुरुस्ती मिळते का ते विचारावे, आणि पक्की पावती व हमीचे कागद घ्यावेत. भावकीतल्या किंवा शेजारच्या तीन-चार सभासदांनी एकाच जातीची हत्यारे घेतली, एकाने ड्रिल, दुसऱ्याने इम्पॅक्ट, तिसऱ्याने ग्राइंडर, तर बॅटऱ्या एकमेकांना चालतात आणि अडल्या वेळी फडात कोणाचे काम थांबत नाही. सहकाराने आपण कारखाना उभा केला. चार बॅटऱ्या मिळून वापरणे त्या मानाने सोपे आहे. हंगाम सुरू होण्याआधी सभासदांनी आपापल्या शेडमधल्या बॅटऱ्या एकदा बाहेर काढून पाहाव्यात, त्यांची जात ओळखावी व त्या त्या रीतीने चार्ज करून ठेवाव्यात, अशी आमची विनंती आहे.