रोग्यांचे आंकडे आणि त्यांचा अर्थ



आजकाल सुशिक्षित कुटुंबांतील कपाटाच्या एखाद्या खणांत जन्मपत्रिकांच्या शेजारीं आणखी एक बाड सांपडतें. रक्तांतील साखर, रक्तदाब, चरबी यांच्या तपासण्यांचे हे कागद असतात. नवा कागद हातीं आला कीं घरची मंडळी तो जुन्याशीं ताडून पाहतात, आणि आंकडा उतरला असेल तर त्याचें श्रेय कोणाला तरी देऊन मोकळी होतात. कोणी नव्या गोळीला, कोणी मेथीच्या पाण्याला, कोणी सकाळच्या फिरण्याला. ही घाई कितपत रास्त आहे हें ठरविण्याचें एक शास्त्र आहे. त्याला संख्याशास्त्र म्हणतात. त्या शास्त्राचीं दोन हत्यारें आज आपणांपुढें मांडावयाचीं आहेत.

एकाच माणसाचा रक्तदाब सकाळीं एक, सायंकाळीं दुसरा, आणि दवाखान्यांत डॉक्टरांसमोर तिसराच असतो. माणसामाणसांत तर याहूनही अंतर. मग ज्या फरकाला आपण औषधाचा गुण म्हणतों, तो या नेहमींच्या चढउतारांतून वेगळा ओळखावा कसा? ज्यांच्याजवळ कागद-पेन्सिल असेल त्यांनीं ती घ्यावी. हिशेब सोपा आहे.

कल्पना करा कीं, मधुमेहाच्या सहा रोग्यांपैकीं तिघांना एक पथ्य दिलें आणि तिघांना दुसरें. महिन्यानंतर पहिल्या तिघांची उपाशीपोटींची साखर १४८, १५० आणि १५२ भरली. दुसऱ्या तिघांची १३८, १४० आणि १४२. सरासरी अनुक्रमें १५० आणि १४०, म्हणजे फरक दहाचा. आतां समजा, दुसऱ्या एका दवाखान्यांत हाच प्रयोग झाला, आणि तेथें पहिल्या तिघांचे आंकडे १२०, १५०, १८० आले व दुसऱ्या तिघांचे ११०, १४०, १७०. येथेंही सरासरी १५० आणि १४०, फरकही दहाचाच. दुसरें पथ्य सरस ठरलें असें दोन्ही ठिकाणीं म्हणावयास आपलें मन तयार होईल काय? पहिल्या ठिकाणीं होईल. दुसऱ्या ठिकाणीं कचरेल. कारण तेथें एकाच पथ्यावरचे लोक आपसांतच साठ-साठ अंकांनीं भिन्न आहेत, तेव्हां दहाच्या फरकाचें कौतुक तें काय?

मनाच्या या कचरण्याला अंकांचें रूप देणें म्हणजेच प्रचरण-विश्लेषण. सहाही जणांची एकूण सरासरी १४५. तिच्यापासून प्रत्येकाचें अंतर घ्यावें, त्याचा वर्ग करावा आणि साऱ्या वर्गांची बेरीज करावी. पहिल्या दवाखान्यांत ती १६६ येते. या १६६ चे दोन वाटे पडतात: दोन पथ्यांच्या सरासऱ्यांतील फरकामुळें १५०, आणि एकाच पथ्यावरील माणसामाणसांतील फरकामुळें १६. दुसऱ्या दवाखान्यांत एकूण बेरीज ३७५०. तींत पथ्याचा वाटा तोच १५०, आणि माणसांचा ३६००. जमाखर्चाच्या वहीप्रमाणें ही बेरीज दर वेळीं पैन् पै जुळते. पुढें, रोगी सहा आणि गट दोन म्हणून माणसांच्या वाट्याला चारानें भागावयाचें. एकीकडे ४ येतात, दुसरीकडे ९००. पथ्याच्या १५० ला यांनीं भागलें म्हणजे पहिल्या ठिकाणीं ३७.५ हें गुणोत्तर मिळतें आणि दुसऱ्या ठिकाणीं अवघा एक षष्ठांश. पथ्यांत कांहींच फरक नसतांना, एवढ्या लहान प्रयोगांत हें गुणोत्तर केवळ योगायोगानें ७.७१ च्या वर वीसांत एकदांच जातें, असें कोष्टक सांगतें. निवाडा आपणच करावा.

ही रीत जन्मली मात्र शेतांत. इंग्लंडांत हार्टफर्डशायर परगण्यांतील रॉथमस्टेड येथें १८४३ पासून खतांचे प्रयोग चालू होते. तेथें सांचलेल्या आंकड्यांच्या ढिगाचा निकाल लावण्यासाठीं १९१९ सालीं रोनाल्ड फिशर या तरुण गणितज्ञास नेमण्यांत आलें. ‘व्हेरिअन्स’ म्हणजे प्रचरण हा शब्द त्यानें आदल्याच वर्षीं आनुवंशिकतेवरील एका निबंधांत योजला होता. संशोधकांसाठीं त्यानें १९२५ सालीं लिहिलेल्या ग्रंथांतून ही पद्धत सर्वत्र पसरली, आणि गव्हाच्या वाफ्याच्या जागीं रोगी व खताच्या जागीं औषध येण्यास फारसा वेळ लागला नाहीं.

फरक माणसामाणसांत असतो तसाच एकाच माणसांत दिवसादिवसालाही असतो. सातारा जिल्ह्यांतील बुध गांवीं १९११ सालीं जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनीं हा भेद अन्नाच्या प्रश्नाला लावला. निरोगी माणसाला रोज सारखेंच अन्न लागत नाहीं. म्हणून ज्याचें ज्याचें खाणें सरासरी गरजेच्या खालीं भरलें तो तो उपाशी, असें मोजूं लागलें तर उपाशांची संख्या फुगते, असें त्यांचें म्हणणें. सीमारेषा सरासरीच्या दोन प्रमाण-विचलनें खालीं धरावी, असें ते सांगत. वि. म. दांडेकर यांना हें पटलें नाहीं, आणि दोघां विद्वानांत जाहीर वाद झाला. दांडेकरांच्या बाजूची चिंता मला रास्त वाटते. रेषा खालीं ओढली कीं खरोखरच अर्धपोटीं असलेला माणूसही गणतींतून निसटतो. तथापि दोन प्रकारचे फरक वेगळे ओळखा, हा सुखात्म्यांचा आग्रह ज्याच्या त्याच्या घरच्या तपासणीच्या कागदालाही लागू पडतो.

आतां दुसरें हत्यार. इंग्रजींत त्याला ‘रिग्रेशन’ म्हणजे मागें जाणें असें नांव आहे. आपल्या परिभाषाकारांनीं ‘समाश्रयण’ हा शब्द घडविला. एका राशीनें दुसरीचा आश्रय घेणें हा त्याचा भाव, आणि तो मूळ नांवापेक्षां अधिक समर्पक आहे असें मला वाटतें. मूळ नांवामागें मात्र एक मजेदार हकीकत आहे. फ्रान्सिस गॉल्टन यानें १८८६ सालीं २०५ जोडप्यांच्या ९२८ प्रौढ मुलांच्या उंचीचा अभ्यास प्रसिद्ध केला. स्त्रियांची उंची पुरुषांच्या मापास आणण्यासाठीं तो ती १.०८ नें गुणून घेई. त्यास आढळलें तें हें: आईबापांची मध्यम उंची समाजाच्या सरासरीहून तीन इंच अधिक असली, तर त्यांच्या मुलांची उंची सरासरीनें दोनच इंच अधिक भरते. उंचांचीं मुलें उंच खरीं, पण तितकीं नव्हेत. ठेंगण्यांचीं ठेंगणीं खरीं, पण तितकीं नव्हेत. दोन तृतीयांश हा जो आंकडा आला, तोच समाश्रयणाचा गुणक.

रोग्यांच्या बाबतींत हा नियम फार फसवा ठरतो. हजार माणसांचा रक्तदाब एकदां मोजला आणि त्यांतील सर्वांत चढे शंभर निवडले. त्यांस आठवडाभर नळाचें पाणी औषध म्हणून पाजलें आणि पुन्हां मोजलें, तर त्या शंभरांची सरासरी बहुधा उतरलेलीच आढळेल. कारण त्या शंभरांत कांहीं लोक खरोखरच चढ्या दाबाचे असतात, आणि कांहींचा दाब त्या दिवशींच चढलेला असतो. या दुसऱ्या प्रकारचे लोक आठवड्यानें आपापल्या जागीं परततात. आपणही डॉक्टरांकडे जातों तें दुखणें शिगेला पोंचल्यावर. तेथून तें बहुधा उतरणारच असतें, आणि त्याच सुमारास घेतलेलें मेथीचें पाणी यशस्वी ठरतें. म्हणून औषधाची परीक्षा करतांना, तें न घेणारा तसाच दुसरा गट शेजारीं लागतो. त्याच्याही आंकड्यांत ही घसरण होतेच. तिच्याहून अधिक जें उतरेल तेंच औषधाचें.

समाश्रयणाचा खरा उपयोग एकाच परिणामामागें अनेक कारणें असतात तेव्हां दिसतो. याचें उदाहरण पुण्याच्या परिसरांतच आहे. तेथील के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील ७९७ गरोदर स्त्रियांच्या आहाराची नोंद केली आणि पुढें त्यांच्या बाळांचीं मापें घेतलीं. पूर्ण दिवसांच्या बाळांचें वजन सरासरीनें २६६५ ग्रॅम भरलें. आई अधिक खाईल तर बाळ मोठें होईल, ही तर सर्वांची समजूत. पण बाळाचें वजन मुलगा कीं मुलगी, बाळंतपण कितवें, दिवस किती भरले यांवरही अवलंबून असतें. समाश्रयणाच्या समीकरणांत यांतील प्रत्येकाला स्वतंत्र पद मिळतें, आणि बाकीचीं सारीं सारखीं धरलीं तर हें एक बदलल्यानें वजन किती बदलेल, याचें उत्तर काढतां येतें. २००१ सालीं प्रसिद्ध झालेला निष्कर्ष अनपेक्षित होता. आईनें खाल्लेल्या एकूण उष्मांकांचा किंवा प्रथिनांचा बाळाच्या आकाराशीं संबंध दिसला नाहीं. संबंध दिसला तो अठराव्या आठवड्यांतील दुधाशीं आणि अठ्ठाविसाव्या आठवड्यांतील पालेभाज्या व फळें यांच्याशीं.

येथें थांबून एक शंका काढली पाहिजे. जिच्या घरीं पालेभाजी वरचेवर शिजते, तिच्या शेताला कदाचित् पाणी असेल, तिला कष्ट कमी असतील, सासू समंजस असेल. जें जें मोजलें तें समीकरणांत घालतां येतें. संशोधकांनीं तें घातलें, आणि तरीही संबंध टिकला. परंतु जें मोजलेंच नाहीं त्याचें काय? समीकरण एवढेंच सांगतें कीं दोन गोष्टी बरोबर चालतात. कोणती कोणाला ओढते हें ठरवावयाचें तर भाजी आपण होऊन द्यावी लागते, आणि ती कोणाला द्यावयाची हें दैवावर सोंपवावें लागतें.

तेंही झालें. मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील ६५१३ स्त्रियांचे, चिठ्ठ्या टाकाव्या त्या न्यायानें, दोन गट पाडण्यांत आले. २००६ पासून पुढें एका गटाला गरोदर राहण्याच्या आधींपासूनच पालेभाज्या, फळें व दूध यांचा रोजचा खाऊ देण्यांत आला. दुसऱ्या गटाच्या खाऊंत बटाटा-कांद्यासारख्या भाज्या होत्या. निकाल २०१४ सालीं प्रसिद्ध झाला. सरसकट पाहतां बाळांच्या वजनांत खात्रीनें सांगण्याजोगा फरक पडला नव्हता. ज्यांना गर्भधारणेपूर्वीं निदान तीन महिने खाऊ मिळाला होता, त्यांच्या बाळांचें वजन सरासरीनें ४८ ग्रॅम अधिक होतें. हा लाभही सर्वांना सारखा नव्हता. मूळच्याच कृश स्त्रिया, ज्यांच्यासाठीं हा सारा खटाटोप, त्यांच्यापेक्षां अंगानें जरा भरलेल्या स्त्रियांच्या बाळांना तो अधिक झाला. सहा खेड्यांतील समीकरणानें दाखविलेली वाट खोटी ठरली नाहीं, पण वाटली होती तितकी सरळही ती निघाली नाहीं. आणि याच प्रयोगांत, वजनासाठीं दिलेल्या त्या पालेभाजीच्या खाऊच्या गटांत, गरोदरपणींचा मधुमेह दुसऱ्या गटाच्या मानानें पुष्कळच कमी स्त्रियांत आढळला.