तिसरी पिन

‘अभिनंदन सर, आपल्याला बक्षीस लागले आहे,’ असा फोन आला की काय करायचे, हे मी बँकेतल्या नोकरीत शेकडो खातेदारांना शिकवले. काही सांगायचे नाही, काही विचारायचे नाही, फोन ठेवून द्यायचा. आणि बक्षीस हातात पडण्याआधी कुणी पैसे मागितले, तर बक्षीस नाहीच असे समजायचे. त्यामुळे 2023 च्या पावसाळ्याअखेरीस मंचरच्या घरी मला असा फोन आला, तेव्हा मी माझाच धडा गिरवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. तिसऱ्यांदा मात्र मी त्या मुलीला ‘वय काय, शिक्षण काय आणि हे उद्योग काय’ असे चांगलेच सुनावले. ती बिचारी ‘सॉरी सर’ म्हणाली. ठग कधी सॉरी म्हणत नाहीत, हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवे होते.

त्याच संध्याकाळी नारायणगावच्या बाजूला राहणाऱ्या माझ्या पुतण्याचा मुलगा एस.टी.ने धापा टाकत आला. अकरावीत शिकतो. ‘आबा, तुम्ही त्यांना शिव्या दिल्या का?’ हा पहिला प्रश्न. मग सगळे बाहेर आले. संगणक विकणाऱ्या एका कंपनीची सोडत होती. अठरा वर्षांखालच्यांना भाग घेता येत नव्हता. वडिलांचे नाव घालण्याची छाती नव्हती, म्हणून पठ्ठ्याने माझे नाव आणि माझा फोन नंबर टाकून दिला होता. आणि बक्षीस खरोखरच लागले होते: गेम खेळण्यासाठी खास बनवलेला एक लाख ऐंशी हजारांचा संगणक. काचेच्या पेटीचा, आत रंगीबेरंगी दिवे असलेला आणि विटेएवढे ग्राफिक्स कार्ड बसवलेला. मी आयुष्यात पत्त्यांच्या पलीकडे कुठला गेम खेळलेलो नाही!

बक्षिसाच्या पाठोपाठ पैशांची मागणीही आली. अशा बक्षिसावर 30 टक्के प्राप्तिकर लागतो आणि बक्षीस वस्तूच्या रूपात असेल, तर कर भरल्याशिवाय ती वस्तू हाती देता येत नाही. म्हणजे 54 हजार रुपये आधी. शिवाय विवरणपत्र भरताना उपकराचे 2,160 वेगळे. नियम मला पाठ होता. पण ‘आधी पैसे भरा’ हे शब्द ऐकून माझ्यातला बँकवाला ताठ झाला. आपल्या नाणेघाटातल्या त्या दगडी रांजणात जकात टाकल्याशिवाय व्यापाऱ्याला माल पुढे नेता येत नसे, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण तिथे निदान रांजण डोळ्यांना दिसत होता.

वाचकांपैकी कुणावर अशी वेळ आली तर उपयोगी पडावे, म्हणून मी काय केले ते सांगतो. आलेल्या नंबरावर फोन केला नाही. कंपनीचा छापील नंबर स्वतः शोधून काढला आणि तिथे चौकशी केली. बक्षिसाचे पत्र आणि कंपनीचा करकपातीचा नंबर लेखी मागवला. पैसे कुणा व्यक्तीच्या खात्यात न भरता कंपनीच्या नावाच्या खात्यातच भरले आणि पावती घेतली. पुढे तो कर माझ्या पॅन नंबरावर जमा झालेला फॉर्म 26एएसमध्ये पाहिला, तेव्हा कुठे मला शांत झोप लागली. माझ्या एका कादंबरीच्या दोन आवृत्त्यांचे मानधन त्यात गेले, ही गोष्ट वेगळी.

पुतण्याला हा सारा प्रकार मुळीच पसंत नव्हता. त्या वर्षी जुलैत नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या वीस किलोच्या क्रेटला दोन हजारांवर भाव गेला होता. तो भाव पाहून यानेही लागवड केली आणि याचा माल निघाला तोवर बाजार कोसळला होता. ‘तात्या, ज्या घरात औषध फवारणीची उधारी थकलीय, त्या घरात पोरानं दोन लाखांचं खेळणं खेळायचं का?’ असे त्याने मला विचारले. उत्तर द्यायला जागा नव्हती. अखेर तह झाला. संगणक घरी आणायचा. आठ दिवसांत नीट चालला आणि पोराच्या अभ्यासाला उपयोगी पडेल असे दिसले, तर ठेवायचा. नाहीतर विकून आधी माझे 54 हजार द्यायचे आणि मग उधारी. पोराने मान डोलावली, पण त्याचा चेहरा पाहवत नव्हता.

खोके आले ते नारायणगावपर्यंतच. तिथून टोमॅटोच्या पिकअपमध्ये, रिकाम्या क्रेटच्या मधोमध बसून ते वाडीवर पोचले. सूनबाईंनी त्याला हळदकुंकू वाहिले. नारळ फुटला. बटन दाबले. पंखे फिरले, इंद्रधनुष्यासारखे दिवे लागले, आणि पडदा मात्र काळाकुट्ट! पाच मिनिटे झाली, दहा झाली. पुतण्या काही न बोलता उठून गोठ्याकडे गेला. त्याचे ते न बोलणे पोराला फार लागले.

कंपनीच्या मदतकेंद्रावरचा मुलगा शांत स्वभावाचा निघाला. त्याने आधी पडद्याची वायर कुठे लावली ते विचारले. ती वरच्या बाजूला, संगणकाच्या मुख्य बोर्डावर लावली होती; ती खाली, ग्राफिक्स कार्डाच्या खाचेत हवी होती. बदलली, तरी काळोख. मग प्लग काढून पेटीची काच उघडायला लावली. वाटेतल्या खड्ड्यांनी ते जड कार्ड एका कडेने उचलले गेले होते. पोराने दोन्ही अंगठ्यांनी दाबताच टक्‌ असा आवाज झाला. पुन्हा बटन दाबले आणि पडदा उजळला. ‘आबा!’ एवढेच तो ओरडला.

आनंद अर्धा तास टिकला. गेम सुरू केला की यूपीएस किंचाळायचा आणि सारे बंद. हे कोडे मात्र मी सोडवले. घरातला जुना यूपीएस 600 व्हीएचा, म्हणजे फार तर 360 वॅट पेलणारा. नुसता चालू असताना संगणक शंभरभर वॅट घेई, पण गेम सुरू होताच चारशेच्या वर जाई. बैलगाडीला ऊस कारखान्यापर्यंत ओढता येतो, म्हणून तिला ट्रकभर ऊस लादून कसे चालेल? यूपीएस बाजूला केला, संगणक थेट भिंतीतल्या प्लगला लावला आणि गेम चालू झाला.

खरी गोष्ट सुरू झाली ती यानंतर. सूनबाईंनी नुकतीच फरशी पुसली होती. पोरगा अनवाणी उभा होता. त्याने पेटीच्या पत्र्याला हात लावला आणि झटकन मागे घेतला. ‘मुंग्या येतात, आबा.’

मी काही बोलणार, तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला, ‘फ्रिजलाही येतात. मी स्लीपर घालूनच उघडते.’ किती दिवसांपासून? ‘झाली की चार-पाच वर्षं.’ पुतण्या दारातून म्हणाला, ‘कुट्टी मशीनलाही येतात थोड्या. पावसाळ्यात जरा जास्त. मी दांड्याला ट्यूब गुंडाळलीय.’ बोलताना कुणाच्या आवाजात कसली भीती नव्हती. पाहुण्याला घराची माहिती द्यावी, तसे सांगत होते. माझ्या मात्र अंगावर काटा आला.

आणि मला आमची आंबेगाव तालुक्यातली शाखा आठवली. 1990 च्या सुमारास बँकेत लेजर पोस्टिंगची यंत्रे येऊ लागली. त्याआधी 1983 साली संघटना आणि बँका यांच्यात यंत्रांबाबत करार झाला होता, 1984 साली रंगराजन समितीने अहवाल दिला होता; तरी ‘संगणक नोकऱ्या खाणार’ म्हणून घोषणा देणाऱ्यांत मीही होतो. यंत्र आले ते देवासारखे. त्याला वातानुकूलित खोली, बाहेर चपला काढायच्या. पण यंत्र बसवायला आलेल्या माणसाने आधी यंत्राकडे पाहिलेच नाही. त्याने विचारले, ‘अर्थिंग कुठे आहे?’ ते नव्हतेच. मग मागच्या अंगणात खड्डा खणला, नळी पुरली, कोळसा आणि मीठ यांचे थर दिले. आमच्या शिपायाचे एक काम वाढले: उन्हाळ्यात रोज त्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायचे. आम्ही त्याला ‘संगणकाचा पुजारी’ म्हणून चिडवायचो. तो शांतपणे म्हणायचा, ‘साहेब, मशीनला नाही, तुम्हाला पाणी घालतोय.’ त्या बोलण्याचा अर्थ मला तीस वर्षांनी, पुतण्याच्या ओल्या फरशीवर उभे राहून कळला.

आपल्या घरातल्या प्लगला तीन पिना असतात. दोन पिनांतून वीज येते-जाते. वरची जाड पिन कामाला कधी दिसत नाही. ती थेट जमिनीशी जोडलेली असते. यंत्रात कुठे वीज वाट चुकून पत्र्यावर आली, तर माणसाच्या अंगातून न जाता तिने त्या पिनेतून जमिनीत जावे, एवढ्यासाठी ती. संगणकाच्या वीजपुरवठ्यात थोडीशी वीज मुळातच जमिनीकडे सोडण्याची सोय असते. जमीनच जोडलेली नसेल, तर ती पत्र्यावर थांबते आणि मुंग्या येतात. त्या मुंग्या सहसा कुणाचा जीव घेत नाहीत. पण कुट्टी मशीनच्या मोटारीत वायर उघडी पडली, तर तीही त्याच पत्र्यावर येते आणि तिला असली मर्यादा नसते.

दुसऱ्या दिवशी वायरमन आला. त्याने बल्बची एक वायर विजेच्या भोकात आणि दुसरी अर्थच्या भोकात घातली. बल्ब लागला नाही. प्लगची पाटी उघडली, तर वरच्या भोकामागे वायरच नव्हती. दहा वर्षांपूर्वी घर बांधताना कुणी जोडलीच नव्हती, आणि दिवे-पंखे चालत होते म्हणून कुणी विचारलेही नव्हते.

न्हाणीघरामागे, जिथे ओल असते तिथे खड्डा खणला. नळी, कोळसा, मीठ. घरभर तिसरी वायर फिरवली. शेवटी मीटरजवळ एक छोटे यंत्र बसवले. वीज जेवढी गेली तेवढी परत आली नाही, तर ते क्षणात पुरवठा तोडते. सगळे पाहायला उभे होते. फ्रिज सुरू झाला. संगणक सुरू झाला. पुतण्याने गोठ्यात जाऊन कुट्टी मशीनचे बटन दाबले आणि खट्‌! सारे घर बंद. पुन्हा दाबले, पुन्हा खट्‌. ‘तुमचं हे नवं यंत्रच खराब दिसतंय,’ तो म्हणाला. वायरमनने मोटारीचे झाकण उघडले. आतल्या वायरचे वेष्टण कुजून गेले होते आणि उघडी तार पत्र्याला टेकत होती.

पुतण्या गव्हाणीच्या कडेला बसला. बराच वेळ त्याने मान वर केली नाही. मग हळूच म्हणाला, ‘तात्या, पावसात पोरगं ओल्या हातानं रोज कुट्टी करत होतं.’

संगणक विकण्याचा विषय त्यानंतर निघाला नाही. तरी पोराने तहाचे कलम पाळले. पुढच्या फेब्रुवारीत, राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास, तो वडिलांना खोडदला घेऊन गेला. खोडदची ती महाकाय रेडिओ दुर्बीण जुन्नरकरांना रोजच्या पाहण्यातली. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभी राहिली आणि 2001 साली राष्ट्राला अर्पण झाली. प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. चौदा मध्यभागी एकत्र, उरलेल्या सोळा इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन बाजूंना दूरवर पसरलेल्या. पण आतल्या कामाची गोष्ट पुतण्याने पहिल्यांदाच ऐकली. प्रत्येक तबकडीने टिपलेले संकेत दुसऱ्या प्रत्येक तबकडीशी ताडून पाहावे लागतात. तीस तबकड्यांच्या जोड्या होतात 435. हा हिशेब क्षणोक्षणी, न थांबता करायचा. आणि गेल्या दशकात दुर्बिणीची सुधारणा झाली तेव्हा या कामाला ग्राफिक्स कार्डाच्याच जातीचे प्रोसेसर जुंपले गेले. गेममध्ये पडद्यावरच्या लाखो ठिपक्यांचे रंग एकाच वेळी ठरवायचे असतात, इथे आकाशाचे. गणिताची रीत तीच. ‘म्हणजे आपल्या डब्यातलं तेच का?’ पुतण्याने विचारले. ‘त्याचाच मोठा भाऊ,’ पोरगा म्हणाला.

घरी आल्यावर त्याने मलाही एक हिशेब ऐकवला. 1991 साली पुण्याच्या सी-डॅकने परम 8000 हा भारताचा पहिला महासंगणक बनवला. त्याचा कमाल वेग सेकंदाला सुमारे शंभर कोटी आकडेमोडी. पोराच्या कार्डाचा वेग, निदान कागदावर तरी, त्याच्या वीस हजार पटींहून अधिक. आणि हे सारे टोमॅटोच्या क्रेटमधून वाडीवर आले!

तो गेम खेळतो का? खेळतो, भरपूर खेळतो. आई ओरडते तेव्हा बंद करतो. मध्येच काही प्रोग्रॅम लिहून मला दाखवतो. मला त्यातले ओ की ठो कळत नाही. पण दर रविवारी सकाळी त्याचा फोन येतो. परवाही आला. बाजारभाव, पाऊस, शेजारच्या उसात दिसलेला बिबट्या, असे सगळे बोलून झाल्यावर त्याने नेहमीसारखे शेवटी सांगितले, ‘आबा, खड्ड्यात पाणी घातलं.’