गोळी रोजची की आठवड्याची?

सकाळी डब्याची घाई, अकोला-अमरावती अप-डाऊन, वर बॉसची डेडलाइन. त्यात रोज ठरल्या वेळी गोळी आठवायची कुणी? मूल इतक्यात नको म्हणणाऱ्या जोडप्यांचं हे कॉमन टेन्शन. पण गोळीचं टाइमटेबल एकच नसतं, हे काहून सांगत नाही कुणी?

२१ + ७ : आपलं नेहमीचं
२१ दिवस हॉर्मोनची गोळी, ७ दिवस सुट्टी. सरकारी 'माला-एन'मध्ये त्या सात दिवसांसाठी लोहाच्या गोळ्या असतात, म्हणजे सवय मोडत नाही. वर्षाला १३ पाकिटं. गंमत म्हणजे ही सुट्टी शरीराला हवी म्हणून नाही, पाळी नेहमीसारखी यावी म्हणून ठेवलेली. ती सातपेक्षा जास्त दिवस लांबली, की मात्र गर्भ राहण्याचा धोका वाढतो.

८४ + ७ : वर्षातून चारच पाळ्या
या वेळापत्रकाच्या गोळीला अमेरिकेत २००३ मध्ये मान्यता मिळाली. परिणाम तेवढाच, सुट्टीतली डोकेदुखी-पोटदुखी कमी. पण सुरुवातीचे काही महिने अधूनमधून डाग पडतात. २१ गोळ्यांच्या पाकिटांचा हिशेब केला, तर वर्षाला १३ऐवजी १६ लागतात. तीन पाकिटं जास्त, पण नऊ पाळ्यांचे पॅड वाचले! मात्र हा बदल डॉक्टरांना विचारूनच.

आठवड्याला एक : 'छाया'
लखनौच्या सीडीआरआय संस्थेत शोधलेली ही बिनहॉर्मोनची गोळी १९९१ मध्ये 'सहेली' म्हणून बाजारात आली, तर २०१६ मध्ये 'छाया' नावानं सरकारी कार्यक्रमात. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा. म्हणजे दुसऱ्या वर्षापासून फक्त ५२ गोळ्या! अंगावर पाजणाऱ्या आईलाही चालते. सुरुवातीला पाळी लांबू शकते. पीसीओएस किंवा लिव्हरचा त्रास असेल, तर ही नको.

खिशाचं काय?
'माला-एन' आणि 'छाया' दोन्ही सरकारी दवाखान्यात फुकट. अमरावतीत डफरीन, अकोल्यात लेडी हार्डिंग ही हक्काची ठिकाणं. फुकट आहे म्हणून कमी दर्जाची, असं समजू नका.

थांबा, आधी हे बघा
बीपी, रक्ताच्या गुठळ्या, डोळ्यांपुढे चमकून उठणारी अर्धशिशी, किंवा पस्तिशीनंतरही सिगरेट सुरू असेल, तर इस्ट्रोजेन असलेली गोळी टाळा. आणि लैंगिक आजारांपासून कोणतीच गोळी वाचवत नाही; त्यासाठी कंडोमच.

शेवटी सगळ्यात महागडी गोळी कोणती? घ्यायची राहून गेलेली. तेव्हा किमतीआधी स्वतःची सवय तपासा. आणि नवरोबा, मोबाइलवर रिमाइंडर तुम्हीही लावू शकता!