छायाचित्रांतला समाज (लेखांक ७) : होमाईच्या मैत्रिणी

मागच्या लेखात त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके भेटले. सिनेमात पडण्याआधी त्यांनी गोध्र्याला फोटोचा स्टुडिओ थाटला होता. त्या काळात फोटो काढायचा म्हणजे नटूनथटून स्टुडिओत जायचं. नाशिकच्या जुन्या वाड्यांतले अल्बम आजही उघडून पाहावेत. मागे रंगवलेला पडदा, तिपाईवर फुलदाणी, आणि खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून श्वास रोखून उभी असलेली उपवर मुलगी. असे कितीतरी फोटो स्थळाकडे पाठवायला काढलेले असत. मुलगी वयात आली हे जगाला कळवायचं, पण तिला काय वाटतंय ते त्या फोटोत शोधूनही सापडत नाही.

१९३०च्या दशकात मुंबईत एका विद्यार्थिनीने ही उणीव भरून काढली. तिचं नाव होमाई.

होमाई व्यारावाला यांचा जन्म १९१३चा, नवसारीच्या पारशी घरातला. वडील फिरत्या नाटक मंडळीत, त्यामुळे लहानपण गावोगावी गेलं. पुढे मुंबईत शाळा, कॉलेज आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्ट. माणेकशा व्यारावाला यांच्याशी ओळख झाली तेव्हा त्या तेरा वर्षांच्या होत्या. कॅमेरा त्यांना माणेकशांनीच शिकवला, पुढे दोघांचं लग्नही झालं. बायकांच्या एका सहलीचे त्यांनी काढलेले फोटो ‘बॉम्बे क्रॉनिकल’ने छापले आणि फोटोमागे एक रुपया दिला.

मला मोलाचे वाटतात ते जे. जे.मधल्या मैत्रिणींचे फोटो. रेहाना मोगल ही वर्गमैत्रीण त्यांत पुन्हा पुन्हा दिसते. या मुली कुणाला पसंत पडायला उभ्या नाहीत. त्या आपल्या कामात, आपल्या विचारात आहेत, स्वतःवर खूश आहेत. शहर नुकतंच त्यांना मोकळं झालंय आणि ते त्यांच्या खांद्यांच्या ठेवणीतही कळतं.

हा मोकळेपणा कुठून आला? थोडं श्रेय यंत्राचंही आहे. होमाईंच्या आवडीचा रोलायफ्लेक्स हा कॅमेरा डोळ्याला लावत नाहीत, पोटाशी धरतात. वरच्या काचेत मान खाली घालून पाहायचं, तिथे चित्र डावं-उजवं उलटं दिसतं. एका रोलमध्ये चौकोनी बारा फोटो, म्हणजे उगाच बटण दाबत सुटायची सोय नाही. समोरच्या माणसावर नजर रोखलेली नसते, त्यामुळे तो सैलावतो. शिवाय कॅमेरा खाली असल्याने उभी व्यक्ती उंच, ठाम दिसते. पण खरं कारण यंत्रात नाही. कॅमेऱ्यामागे त्याच वयाची, त्याच बाकावरची मुलगी होती. ‘आमच्याकडे बघा’ असं नव्हे, ‘आम्ही अशा बघतो’ असं सांगणारे हे फोटो आहेत.

आणि तरी ‘इलस्ट्रेटेड वीकली’त सुरुवातीला ते छापून आले माणेकशांच्या नावावर. होमाईंचं नाव तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं, त्यातून बाईमाणूस. मैत्रिणींचे चेहरे घरोघर पोचले, काढणारीचं नाव मात्र मागे राहिलं, ही गोष्ट आजही मला डाचते.

१९४२ साली व्यारावाला दिल्लीला गेले. लाल किल्ल्यावरचा तिरंगा, गांधीजींची अंत्ययात्रा, नेहरू, भारतभेटीला आलेले राजेरजवाडे हे सगळं होमाईंनी टिपलं. देशातली पहिली महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून इतिहासात नोंद झाली ती या कामामुळे. ते मोठं आहेच. पण नेत्यांचे फोटो कुणीतरी काढलेच असते, रेहानाचे निघाले नसते. माणेकशांच्या निधनानंतर १९७०मध्ये होमाईंनी व्यवसाय सोडला. पद्मविभूषण मिळालं २०११ साली आणि जानेवारी २०१२मध्ये वडोदऱ्यात त्या गेल्या. त्यांचा संग्रह आता अल्काझी फाउंडेशनकडे आहे.

पुढच्या आठवड्यात अकोल्याचे सुधारक ओलवे आणि त्यांनी टिपलेले मुंबई महापालिकेचे सफाई कामगार.